उद्या दहाला येते

टोपी चढवायची वेळ झाली, की ‘निजल्या वॉर्डा’तले नातेवाईक आपापले डबे झाकून व्हरांड्यात येऊन बसत. वॉर्डाचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण वर्षानुवर्षं बेशुद्ध पडून असलेल्यांच्या वॉर्डाला लोक दुसरं काय म्हणणार? टोपी दिसायला साधी, थंडीत म्हातारी माणसं घालतात तसली. आत मात्र दोनशे संवेदक होते. माणूस हलत नाही, बोलत नाही, पण आतून जागा असेल, तर स्वतःचं नाव कानावर पडताच त्याच्या मेंदूत एक लाट उठते. परक्या नावाला ती उठत नाही. टोपी ती लाट टिपायची.

शोध चांगलाच होता. त्यावर बेतलेल्या ‘जाणीव कायद्या’ने मात्र घराघरांत भांडणं लावली. तीन महिन्यांतल्या तीन चाचण्यांत लाट दिसली नाही, तर नातेवाइकांची सही घेऊन अन्नाची नळी काढायची, असा तो कायदा. इस्पितळाच्या फाटकावर एकीकडे ‘सन्मानाने निरोप’वाले आणि दुसरीकडे ‘श्वास तिथे जीव’वाले बसलेले असत. मंडप समोरासमोर, चहावाला दोघांचा एकच. वॉर्डात येऊन कुणाच्या तोंडावरची माशी हाकलायला मात्र दोघांतलं कुणी येत नसे.

टोपी चालवायची तबस्सुम मुजावर. मिरजेची मुलगी, कामाला चोख. विश्वनाथ गुरवांच्या पहिल्या चाचणीला तिने त्यांच्या बायकोपुढे, मालनबाईंपुढे, नावांचा कागद ठेवला. नियम असा होता की अधिकृत नाव जवळच्या माणसाच्या आवाजात हवं. गुरव विजेच्या खात्यात वायरमन. खांबावरून पडले त्याला सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही, आई कधीच गेलेली. जवळचं माणूस म्हणजे मालनबाईच.

“न्हाय जमायचं पोरी,” मालनबाई म्हणाल्या. “लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणतात.”

“एकदाच घ्या, मावशी. त्यांच्यासाठीच आहे ना?”

मालनबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि शाळेतली पोर धडा वाचते तशी सगळी नावं वाचली. प्रकाश, दत्ताजी, विश्वनाथ, मुरलीधर. मधलं एक नाव वाचताना आवाज पार खाली गेला. वाचून झाल्यावर त्यांनी हळूच स्वतःचे कान धरले. तेच ध्वनिमुद्रण तिन्ही चाचण्यांना वापरलं. तिन्ही वेळा आलेख आडव्या रेघेसारखा सपाट आला.

तिसऱ्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मालनबाईंना कार्यालयात बोलावलं. त्यांनी सही केली. सहा वर्षं रोज दहाच्या ठोक्याला वॉर्डात येणाऱ्या त्या बाईला त्या दिवशी मात्र आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही. फाटकावरूनच एसटी धरून त्या गावी गेल्या, त्या पुन्हा वॉर्डात आल्या नाहीत. नळी काढल्यावर गुरव पुढे आठ दिवस होते.

ते गेल्यावर अकराव्या दिवशी तबस्सुम चाचण्यांची जुनी मुद्रणं आवरत होती; त्यांत आलेखासोबत खोलीतला आवाजही असे. डोक्यावरून टोपी उतरेपर्यंत यंत्र बंद करायचं नाही, ही तिची खोड. गुरवांच्या तिसऱ्या मुद्रणाच्या शेवटी, चाचणी संपल्यानंतरच्या भागात, तिला एक उंच लाट दिसली. तिने आवाज लावला. खुर्ची सरकल्याचा आवाज, डब्याचं झाकण, आणि मग डबा न्यायला आत आलेल्या मालनबाई म्हणत होत्या, “अहो, उद्या दहाला येते हां.”

‘अहो’च्या पाठोपाठ लाट उठली होती. तबस्सुमने उरलेली दोन मुद्रणं काढली. दोन्हींच्या शेवटी तेच शब्द होते आणि तीच लाट.

गावाने त्यांना जन्मभर ‘वायरमन’ म्हटलं, बायकोने ‘अहो’. विश्वनाथ होते ते फक्त कागदावर. हे आपल्याला सुचू नये? तिच्या अम्मीनेही अब्बांना कधी नावाने हाक मारली नव्हती. घरात रोज ऐकते ते इथे आल्यावर कसं विसरले, या विचाराने तिला स्वतःचाच संताप आला आणि रडूही.

वॉर्डप्रमुख डॉक्टर घोरपड्यांनी आलेख पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. “मुजावर, महिन्यावर निवडणूक आहे. हे बाहेर गेलं तर एक मंडप नाचेल, दुसरा आपल्याला फाडून खाईल. गुरव तर गेले. आता कुणासाठी?”

“वॉर्डात अजून एकेचाळीस जण आहेत, सर.”

“चाचणी अधिकृत नावाची आहे. त्याबाहेरचं आपण मोजत नाही.”

तिने अहवाल लिहिला, पण पाठवायला हात धजेना. एकेचाळीस जणांसाठी तो जायलाच हवा होता. पण गेला तर दुसऱ्या दिवशी तो टीव्हीवर असता, आणि ऐकत असलेल्या नवऱ्याच्या मरणावर आपण सही केली, हे मालनबाईंना शेजारणीच्या तोंडून कळलं असतं. त्यापेक्षा आपणच जाऊन सांगावं, म्हणून ती गावी गेली.

मालनबाई सोप्यात बसल्या होत्या. खुंटीला गुरवांचा कामाचा पट्टा तसाच होता. त्यांनी तिला पाणी दिलं आणि आपणहूनच म्हणाल्या, “मी नाव घेतलं न्हवं, म्हणून गेले ते.”

“नाही मावशी. नावाने काही झालं नाही. ते नाव त्यांना ओळखूच आलं नाही.” आणि मग तबस्सुमने थांबत, अडखळत लाटेचं आणि न पाठवलेल्या अहवालाचं सगळं सांगितलं. नजर वर करायची तिची छाती होत नव्हती. “चूक माझी आहे. तुम्ही घरात काय म्हणता, ते मी विचारायला हवं होतं.”

मालनबाईंनी उठून खुंटीवरचा पट्टा सरळ केला.

“बाकीच्यांच्या बायकांना विचार मग,” त्या म्हणाल्या. “घरात काय म्हणता, म्हणावं. कागद धाड तू. माझं नाव येतंय तर येऊ दे.”

तबस्सुमने मान हलवली आणि ती उठली. उंबऱ्याशी पोचली तेव्हा मागून हाक आली.

“पोरी, ‘अहो’ म्हटलेलं कळलं, म्हणजे पुढचंबी कळलं असंल न्हवं? उद्या दहाला येते म्हटलेलं?”

तबस्सुमने वळून पाहिलं.

“मग ते आठ दिवस माझी वाट बघत व्हते का गं?”