मागचे दोन खांदे

पोट्टेहो, ती बॅटरी विझवा आधी. लाईट यायला अजून वेळ आहे, आणि ही गोष्ट उजेडात सांगायची नाही. खोटी वाटली तर खुशाल उठून घरी जा. मात्र जाल ते मसनवटीवरून, रिसोडच्या रस्त्यानंच जाल, एवढं लक्षात ठेवा.

हिरीबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. मी हे तिच्याच तोंडून ऐकलं. मानमोडीची साथ आली ते एकोणीसशे अठरा साल, आणि रात्र वसुबारसेची. गायवासराची पूजा करायला आपल्या रिठदात त्या दिवशी कोणी धड उभं नव्हतं. आज ताप आला की परवा माणूस गार, असं चाललं होतं.

अंधार पडल्यावर हिरीबाईचा नवरा जगदेव कंदील घेऊन दोन बांबू मागायला निघाला. धाकटा मुलगा जानराव दुपारी गेला होता आणि तिरडीची ताटी बांधायला घरात बांबू नव्हता. तो इस्माईलच्या दारात उभा राहिला. इस्माईल आतूनच कण्हला, "जगदेवभाऊ, कुडाचे बांबू काढून ने. मी आलो असतो... पाय भुईवर टिकून नाही राह्यले." खांदा द्यायला कोणी मिळतं का म्हणून जगदेवनं आणखी दारं वाजवली. कुठं सगळं घर अंथरुणाला खिळलेलं, कुठं दार उघडायलाच माणूस नाही. बांबू घेऊन तो एकटाच परत आला.

त्याचंही अंग तापलं होतं. गोठा मोडून त्याचे वासे त्यानं दिवेलागणीपर्यंत चितेसाठी नाल्याकाठच्या मसनवटीत नेऊन रचले होते, त्यातच होती नव्हती ती ताकद संपली होती.

"आजच नेऊ," तो म्हणाला. "उद्या मीच उठलो नाही तं याले कोन नेईन?"

थोरले दोघं, रामकिसन आणि देवला, त्याच पंधरवड्यात गेले होते. त्यांना गावानं बाकीच्या मढ्यांबरोबर बैलगाडीत टाकून नेलं. एकाच्याही ताटीला खांदा लागला नाही. ते हिरीबाईच्या जिवाला फार लागलं होतं.

"याले मी खांद्यावरच नेईन," ती म्हणाली.

"दोघांनं ताटी उचलते का कुठं? मागचं टोक घसटत जाईन."

"माह्यं लेकरू घसटत नाही जाणार. आपल्यापाशी दोन खांदे हायेत, ते देऊ. बाकीचे दोन देवानं द्यावं. आपल्याच्यानं होत नाही, तिथूनच त्याचं काम लागते."

बाया मसनवटीत जात नसत. पण त्या रात्री नाही म्हणायला तरी कोण उरलं होतं?

दोघांनी पुढची टोकं खांद्यावर घेतली. हिरीबाईनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

मागची टोकं उचलली गेली.

घसटल्याचा आवाज नाही. दोघं चालू लागले. मागून पावलं वाजत होती... यांच्या पावलाला पाऊल. कोणी वळून पाहिलं नाही.

अर्ध्या वाटेवर विसावा असतो. तिथं ताटी टेकवायची आणि खांदे बदलायचे. पुढचे मागं जातात, मागचे पुढं येतात. ही रीत अंगात इतकी भिनलेली की दोघांनी ताटी ठेवली आणि मागं येऊन उभे राहिले. मग उमगलं आपण काय केलं ते.

आता ते पुढं होते.

जगदेवनं कंदील विझवला. "अवं, खाली पाह्यत चाल. वर पाहू नोको."

ताटी उठली.

पुढून... एका अंगाला कलली.

रामकिसन उंच होता, देवला ठेंगणा. दोघा भावांनी मिळून काहीही उचललं की ते असंच कलायचं. हिरीबाई हसायची त्यांना. आईला पोरं ओळखायला तोंड पाहावं लागतं का?

"हे तं आपले..."

"नाव घेऊ नोको!" जगदेव रडत होता. "नाव घेतलं तं अडकतीन. पोरं इथंच अडकतीन."

तिनं पदर दातांत धरला. चालत राहिली. हात पुढं केला तर लागतील, एवढ्यावर लेकरं... आणि हाक मारायची नाही. पोटच्या पोरांना हाक मारायची नाही...

मला सांगताना ती इथं थांबायची. मीही थांबतो जरा.

...

नाल्यावर ताटी टेकली. पुढं नुसता काळोख. ती एवढंच बोलली, "दमले असान रे..."



चिता पेटवून दोघं मागं न पाहता घरी आले. मसनवटीतून आलं की दारातच पाय धुवायचे, कडुलिंबाचा पाला चावून थुंकायचा आणि मग उंबरा ओलांडायचा. तो पाला जितीजागती माणसं चावतात, मेलेल्याचा पाश सुटावा म्हणून. दोघांनी चावला. मग हिरीबाईनं आणखी दोन डहाळ्या ओट्यावर ठेवल्या. कोणासाठी, ते जगदेवनं विचारलं नाही.

जगदेव त्याच दिवाळीच्या पाडव्याला गेला. ती मात्र जगली, पार म्हातारी होऊन. एकदा मी विचारलं, "माय, देवाचा राग नाही आला तुले?"

"कायले राग? मी खांदे मांगतले, त्यानं खांदे देले." "खांदे नाही, लेकरंच मांगाले पाह्यजे होती रे. ताटी उचलाच्या घाईत मले सुचलंच नाही."

डहाळ्यांचं सांगायचं राहिलंच. त्या रात्रीनंतर उजाडलं, तिनं दार उघडलं. दोन्ही डहाळ्या बोडक्या झालेल्या. पाला ओट्याखाली पडला होता. चावलेला. अजून ओला...

बकरीनं खाल्ला असेल म्हणता?

बकरी खाते, पोट्टेहो. थुंकत नाही.