हनुवटीवरचा मणी

"एक बनित्सा द्या... आणि जमलं तर तुमचा आवाजही!"

बेकरीच्या काउंटरपलीकडचा तरुण असं म्हणाला मात्र, बनित्सा, म्हणजे चीज भरलेली खारी, विकणाऱ्या बिल्यानाचा हात झटकन तोंडावर गेला. अक्रोड फोडताना पुढचा दात अर्धा तुटला, तेव्हापासून हा हात असाच धावायचा. त्यात समोर ऑग्न्यान — तिर्नोवोच्या विद्यापीठात माणसांच्या बोलण्यावर संशोधन करणारा, डोळ्यांनीच हसणारा! तोंड न उघडता तिने मान आडवी हलवली. आमच्या बल्गेरियात आडवी मान म्हणजे होकार.

प्रयोगशाळेत त्याने तिचं डोकं खुर्चीला पट्ट्याने टेकवलं, हनुवटीवर चकचकीत मणी चिकटवला. मणी किती खाली जातो ते कॅमेरा टिपायचा.

"म्हणा, पापा. आता सासा."

"एवढं शिकून हेच?" ती पुटपुटली.

"हसू नका हो! 'आ' तोच, पण 'प'शेजारी जबडा मोकळा उघडतो आणि 'स'शेजारी आखडतो. शेजारी बघून वागतो बिचारा."

"म्हणजे आमच्या गल्लीतल्यांसारखाच!"

तो खळखळून हसला. ती मात्र ओठ मिटूनच हसली.

तीन आठवडे असे गेले. शुक्रवारी त्याला त्याच्या प्राध्यापकबाईंसमोर निकाल मांडायचा होता, आणि बुधवारी ऑग्न्यान दुकानात आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"पापा असो की सासा, तुमचा जबडा तेवढाच उघडतो. माझंच चुकलं कुठेतरी. सोडून देतो हे सगळं."

बिल्यानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचं कसलं चुकलं? दात दिसू नये म्हणून तिनेच प्रत्येक 'आ' तोंडातल्या तोंडात कोंडला होता!

"चूक माझी आहे..." तिचे कान तापले. तिने हात खाली घेऊन तुटका दात दाखवला. "हे बघा. तुमच्यासमोर लाज वाटायची, म्हणून तोंडच नीट उघडलं नाही."

"माझ्यासमोरच?"

"आता तेही सांगू?" तिला रडू फुटणार होतं.

तोही लाल झाला. "मग माझंही ऐका. काम एका दुपारचंच होतं. मीच ते तीन आठवडे लांबवलं."

"अहो, मग उद्याची दुपार आहे की!"

गुरुवारी खिडकीतून लिंडनच्या फुलांचा वास येत होता. पुन्हा पट्टा, पुन्हा मणी. पापा, सासा, पापा... पडद्यावरची मण्याची रेघ आता हवी तशी वरखाली नाचत होती. शेवटचा शब्द झाला तरी त्याने कॅमेरा बंद केला नाही.

"बिल्याना, संध्याकाळी नदीकाठी... येशील माझ्याबरोबर?"

तिची मान आडवी हलू लागली.

"डोकं हलवू नकोस! तोंडाने सांग."

लाजेने जीव अर्धा झाला. हात हनुवटीपर्यंत आला, थांबला... आणि खाली गेला.

"दा!" म्हणजे हो. तुटक्या दातासकट, पूर्ण तोंड उघडून!

पडद्यावर रेघ कधी नव्हे इतकी खाली गेली. ऑग्न्यानने ती पाहिलीच नाही. तो तिच्याकडे बघत होता.