चार नंबरच्या खोलीतला फोन

मोबाईल खाली ठेवा आधी. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर गपगुमान झोपा. ही उडत उडत कानावर आलेली गोष्ट नाही. तुमच्या काकूच्या मधल्या भावाच्या बाबतीत घडलेली आहे.

तो ऑफिसांमध्ये टेलिफोन एक्सचेंज बसवायचा. मे महिन्यातला दुसरा शनिवार. एका कोल्ड स्टोरेजमधलं जुनं एक्सचेंज काढून नवं बसवायचं होतं. दिवसा फोन बंद ठेवून चालत नाही, म्हणून काम रात्रीचं. नऊला त्याने सगळ्या लाइनी बंद केल्या, अकराला नवं एक्सचेंज सुरू केलं. सगळं झालं आणि मॅनेजरच्या टेबलावरच्या फोनसाठी एक कनेक्टर कमी पडला. नखाएवढी वस्तू! पण त्या वेळी दुकान कुठलं उघडं असणार?

मागच्या बाजूला चार नंबरची कोल्ड रूम होती. आत भिंतीवर एक फोन. दार बंद होऊन कोणी अडकलंच, तर त्याला तेवढाच आधार. त्या फोनची वायर दाराबाहेरच्या डबीत जोडलेली. खोलीत माल नव्हता, मशीन तेवढं चालू होतं. "आतून काय बर्फ बोलणार?" म्हणत यानं डबीतला कनेक्टर उपसला. लाइन काढण्याआधी टेस्टफोन लावून ऐकायचं, हा त्या धंद्यातला पहिला धडा. नव्या पोरांना हाच शिकवायचा. त्या रात्री कंटाळा केला गाढवानं.

बारा वाजून वीस मिनिटं. तो हत्यारं पिशवीत भरत होता. रिसेप्शनचा फोन वाजला. पडद्यावर आकडा... चौदा. चार नंबरच्या खोलीतल्या फोनचा.

उचलला. नुसता श्वास.

वॉचमन चेष्टा करतोय असं वाटलं. एक शिवी हासडून ठेवला. खिडकीतून बघतो तर वॉचमन फाटकावर, बिडी ओढत बसलेला.

पुन्हा वाजला. चौदा.

"कोण आहे?"

"दार..."

"अहो, कोण बोलतंय?"

"दार उघड... रे..."

तो धावत सुटला. वॉचमनला हाका मारत. डबी उघडीच होती. वायर लोंबत होती. कशालाच जोडलेली नाही.

दोघांनी मिळून दार ओढलं.

मशीनवरचा ऑपरेटर. साडेनऊला तापमान बघायला आत गेलेला. आतली कडी तुटलेली. अंगात नुसता सदरा. फोनखाली बसला होता... रिसीव्हर हातात.

एक वाजता डॉक्टर आले. म्हणाले, जाऊन तासभर तरी झाला.

म्हणजे हा कनेक्टर उपसत होता तेव्हा... जाऊ दे. टेस्टफोन लावला असता तर त्याचा आवाज ऐकू आला असता. पोलिसांपुढे हे यानं स्वतःहून सांगितलं. ऑपरेटरच्या बायकोलाही सांगितलं. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते, काय करू?

आता एकच राहिलं.

प्रेत बाहेर काढायला वॉचमन आत गेला होता. हा उंबऱ्याबाहेरच बसून राहिला. वॉचमनला काही झालं नाही. याचा डावा कान मात्र सकाळपर्यंत काळानिळा पडला. डॉक्टरांनी बघितलं. बर्फानं भाजलाय म्हणाले.

रिसेप्शनच्या फोनला लावलेला कान.