बर्फाची दाढी आणि पाच फोटो

बर्फाला भोक पाडायचं गिरमिट अस्लाकच्या खांद्यावर होतं, गळ रिस्तेनच्या पिशवीत होते आणि किड्यांची डबी इल्वाच्या स्वेटरच्या आत उबेला ठेवलेली होती. गारठलेल्या किड्याकडे मासा ढुंकूनही बघत नाही. शाळेच्या हिवाळी क्रीडासुट्टीचा पहिला सोमवार होता, आणि तळ्यावर जायचं ते संध्याकाळपर्यंत परतायचंच नाही, असं तिघांचं ठरलेलं होतं.

"डबी रात्रीसुद्धा उराशी घेऊन झोपली होतीस वाटतं," अस्लाक म्हणाला. "वास येतोय."

"तो तुझ्या टोपीचा आहे," इल्वा म्हणाली.

अस्लाकची धाकटी बहीण रिस्तेन हसायला लागली आणि हसता हसता थांबली. तळघराच्या जिन्यावर जड बूट वाजत होते.

हिवाळ्यात इल्वा आणि तिची आई तळघरात राहत आणि वरचं घर मोटार कंपनीच्या जर्मन इंजिनिअरांना भाड्याने देत. स्टूरविक गावातली निम्मी घरं हेच करत. अजून जगाला न दाखवलेल्या गाड्या हे इंजिनिअर गोठलेल्या तळ्यावर पळवून बघत. पण वरचा पाहुणा कधी खाली येत नसे. आज आला होता तो एक्हार्ट ब्रेंडेल, सगळ्या चाचण्यांचा प्रमुख. त्याच्या हातात या आठवड्याचं मोटार साप्ताहिक होतं.

आई, सोल्वेई, नुकतीच तळ्यावरून आली होती. तिने अंगावरचा कामाचा अंगरखा अजून उतरवलाही नव्हता. तो बाबांचा होता. बाह्या दोनदा दुमडाव्या लागत. तळ्यावरचा बर्फ खरवडून, पाणी मारून, घासून गाड्यांसाठी ट्रॅक तयार करायचं काम बाबांनी वीस वर्षं केलं. ऑक्टोबरात ते गेले, आणि या हिवाळ्यात ते यंत्र आई चालवत होती.

ब्रेंडेलने साप्ताहिक टेबलावर उघडून ठेवलं. डाव्या पानावर पाच फोटो होते. लांबच्या भिंगातून कुणीतरी चोरून टिपलेले. पाचहीमध्ये तीच गाडी, काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांच्या कापडात गुंडाळलेली. दोन महिन्यांपूर्वी हेच फोटो छापून साप्ताहिकाने वाचकांना विचारलं होतं : आत काय असेल त्याचं चित्र काढून पाठवा. उजव्या पानावर, सगळ्यांत वर, पहिल्या क्रमांकाचं चित्र होतं. खाली नाव होतं : इल्वा लुंडमार्क, वय १२, स्टूरविक.

इल्वाला एकदम उडी मारावीशी वाटली. आपलं चित्र निवडलं गेलंय हे तिला आत्ताच कळत होतं. पण ब्रेंडेलचा चेहरा पाहून तिचे पाय जागीच राहिले.

ब्रेंडेल तिच्याशी बोललाच नाही. तो आईशी बोलला, मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये, एकेक शब्द शोधत. इंजिन मागे आहे हे या चित्रात आहे. गाडीची उंची जवळजवळ बरोबर आहे. टपावरचे दोन उंचवटेसुद्धा आहेत. दुसऱ्या कंपन्यांची शहाणी माणसं दोन महिने हेच पाच फोटो बघतायत आणि इंजिन पुढे आहे म्हणतायत. मग एका शाळकरी मुलीला कसं कळलं? गाडी ज्या शेडमध्ये राहते तिच्या समोरचा बर्फ सोल्वेई काढते. शेडची किल्ली सोल्वेईकडे असते. यापुढे सांगायची गरज नाही.

त्याने एक कागद काढला. मुलीने किल्ली घेऊन गाडी पाहिली, असं लिहून द्यायचं आणि माफी मागायची. मग तो कंपनीत सांभाळून घेईल, हिवाळा संपेपर्यंत काम सोल्वेईकडेच राहील. नाहीतर शुक्रवारी दुपारनंतर तळ्यावर दुसऱ्याची यंत्रं येतील.

आईने इल्वाकडे पाहिलं. "घेतली होतीस किल्ली?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली. मग ब्रेंडेलला म्हणाली, "शुक्रवारी ना? शुक्रवारी बोलू."

गावात कुणीच कुणाला अहो-जाहो करत नाही, त्यामुळे इल्वा त्याच्या पाठीमागून म्हणाली, "एक्हार्ट, तू मला एकदाही विचारलं नाहीस."

वर जाणारे बूट क्षणभर थांबले, आणि पुन्हा चालू लागले.

मासेमारी राहिली. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली होती. स्टूरविकला एकच नियम आहे : तळ्यावर जे दिसतं ते तळ्यावर सोडायचं. फोटो काढायचा नाही, फोनवर बोलायचं नाही, पाहुण्याने विचारलं तर हवेबद्दल बोलायचं. गाव त्यावरच जगतं. दुकानात लोक इल्वाशी हवेबद्दल बोलले. शाळेतल्या सुतारकामाच्या मास्तरांनी तर आईला बाजूला घेऊन समजावलं की लिहून टाक, मूल आहे, चार ओळींनी काय होतंय.

"चार ओळींनी मी चोर होते," इल्वा म्हणाली. तिघं अस्लाकच्या घराच्या मागे, सरपणाच्या ढिगावर बसली होती.

"आणि नाही लिहिल्यास तुझी आई बेकार होते," अस्लाक म्हणाला. "खरं सांग. काही पाहिलं होतंस?"

"ती गाडी रोज आमच्या खिडकीसमोरून जाते. मी पडदा ओढते. चित्रात मी फक्त छापलेले पाच फोटो वापरले. मुद्दाम. नाहीतर मजा काय?"

अस्लाकने साप्ताहिक गुडघ्यावर पसरलं. "मग दाखव. मी ब्रेंडेल. मला काही कळत नाही आणि माझ्या मिशा फार चांगल्या आहेत. बोल."

इल्वाने तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. गाडी दुकानासमोर उभी होती. पुढच्या झाकणावर ताज्या बर्फाची गादी होती. मागचं झाकण मात्र ओलं, काळं. इंजिन तापलं की वरचा बर्फ वितळतो, हे कुणालाही कळेल.

"मागचा बर्फ झाडला असेल," अस्लाक ब्रेंडेलच्या आवाजात म्हणाला. "सगळे तेच म्हणतायत."

"काठ बघ."

मागच्या झाकणाच्या काठावरून बारीक बारीक बर्फाच्या काड्या लोंबत होत्या, एकीला लागून एक. रिस्तेन ओरडली, "दाढी!"

झालं. झाडलेल्या बर्फाला दाढी येत नाही. वितळलेलं पाणी काठापर्यंत ओघळतं आणि तिथे पुन्हा गोठतं, तेव्हाच येते. स्टूरविकचं शेंबडं पोरही हे जाणतं. गरम कार्यालयात बसून फोटो मोठे करून बघणाऱ्याला कोण सांगणार? टपावरचे दोन उंचवटे पाचव्या फोटोत होते, मागून : वाऱ्याने भुरभुरलेला बर्फ मधल्या खोलगट भागात साठलेला, दोन्ही बाजूंना उडून गेलेला.

"उंची?" अस्लाकने विचारलं.

इथे इल्वा जरा अडखळली. त्याच तिसऱ्या फोटोत गाडीच्या दाराला टेकून एक घसरखुर्ची उभी होती. मागच्या दांड्याला धरून पायाने ढकलायची, खाली दोन लांब पट्ट्या, पुढे बसायला खुर्ची. दांड्याला हिरवी लोकर गुंडाळलेली. ती गावातल्या रागन्हिल्ड मावशीची, यात शंकाच नव्हती. दांडा आपल्या कोपरापर्यंत येतो एवढं इल्वाला आठवत होतं, आणि त्यावरून तिने अंदाज केला होता.

"कोपरावर ब्रेंडेल विश्वास ठेवणार नाही," अस्लाक म्हणाला. "मोजायला हवं."

रागन्हिल्ड मावशी एक्क्याऐंशी वर्षांची होती आणि गावाचा नियम तिनेच केला असावा अशा थाटात ती तो पाळायची. अंगणात तीन मुलं आपल्या घसरखुर्चीसमोर पट्टी घेऊन गुडघ्यावर बसलेली पाहून ती केरसुणीसकट बाहेर आली. गावाची अब्रू घालवलीस, आता माझी खुर्ची कशाला, असं तिने इल्वाला सुनावलं. चाळीस वर्षांत मी एका गाडीकडे मान वळवून पाहिलं नाही, म्हणाली.

"गाडीकडे नको बघूस," इल्वा म्हणाली. "तुझ्या खुर्चीकडे बघ. ही सगळ्या जगात छापून आलीय."

मावशीने चष्मा लावला. साप्ताहिक हातात घेतलं. फोटोतल्या हिरव्या लोकरीवर बोट ठेवलं.

"मला न विचारता?" ती म्हणाली. "आणि त्या फडक्यातल्या गाडीला टेकवून? मी ती दुकानाच्या भिंतीला लावते. तो इंजिनिअर पोरगा, तो टिल, माझ्या जागेत गाडी घालून आत दालचिनीचे बन घ्यायला गेला होता. जागाच नव्हती म्हणून मी त्याच्या दाराला टेकवली. मोज, मोज. नीट मोज."

दांडा जमिनीपासून चौऱ्याण्णव सेंटिमीटर भरला. फोटोत तो सत्तेचाळीस मिलिमीटर होता. म्हणजे एक मिलिमीटरला दोन सेंटिमीटर. गाडीचा टप एकसष्ट मिलिमीटर. रिस्तेनने गणित सगळ्यांच्या आधी केलं : एकशे बावीस.

"शुक्रवारी दहाला ते सगळे इंजिनिअर दुकानात कॉफीला येतात," मावशी केरसुणी आपटत म्हणाली. "मीही येते."

शुक्रवारी आई तळ्यावरून थेट दुकानात आली आणि कॉफीच्या टेबलाशी इल्वाच्या शेजारी उभी राहिली. अस्लाक, रिस्तेन आणि मावशी आधीच आलेली होती. ब्रेंडेल पाच इंजिनिअरांसोबत बसला होता. त्यांतला सर्वांत तरुण तो टिल, बन खात होता. इल्वाने साप्ताहिक त्यांच्या मधोमध पसरलं आणि बोलायला लागली. दाढी दाखवली, उंचवटे दाखवले, खुर्ची दाखवली. गाडी चार मिनिटंही दुकानासमोर उभी करायची नाही असा कंपनीचा हुकूम होता, हे तिला माहीत नव्हतं. टिलला होतं. त्याने बन खाली ठेवला. इंजिनिअर खुर्च्या पुढे ओढून ऐकायला लागले, आणि एकशे बावीस म्हटल्यावर एकाने कपाळावर हात मारला.

ब्रेंडेल मात्र शांत होता. "चांगलं आहे," तो म्हणाला. "पण उत्तर आधी कळलं, की त्याची कारणं मागाहून कोणीही शोधून काढतं. तुझ्याकडे चार दिवस होते. यातून काहीच सिद्ध होत नाही."

इल्वाने साप्ताहिकावरचं बोट मागे घेतलं. कारण त्याचं म्हणणं खरं होतं. तिने अस्लाककडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. ब्रेंडेलने कोटाच्या खिशातून तोच कागद काढून तिच्यासमोर ठेवला, वर पेन.

"नाही," इल्वा म्हणाली. तिने कागद त्याच्याकडे परत सरकवला. "मला नाही सिद्ध करता येत. पण मी पाहिलं नाही, तर पाहिलं असं नाही लिहिणार. तू तळ्यावर कुणालाही आण."

आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"चुकलं काय आहे?" रिस्तेनने विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सोमवारपासून तू बरोबर काय आहे तेच सांगतोयस," ती ब्रेंडेलला म्हणाली. "तिने चुकीचं काय काढलंय?"

ब्रेंडेल बोलणार नव्हता. पण टिलने चित्र आपल्याकडे ओढलं आणि त्याचे कान लाल झाले. इल्वाच्या चित्रात दारामागे हवा आत घेणारी मोठी झडप होती. टिलने हळूच विचारलं, "ही कुठून आणलीस?"

"दुसऱ्या फोटोत दिसतेय ना. कापडाखाली उंच झालंय."

"तो फोमचा डबा आहे. बघणाऱ्यांना फसवायला. गाडीला तिथे झडप नाहीच." टिलने प्रमुखाकडे पाहिलं. "रोज सकाळी गाडी बाहेर काढताना मी तो डबा चिकटवतो, आत आणली की उतरवून ठेवतो. शेडमध्ये तो कधीच नसतो, एक्हार्ट. हिने शेडमध्ये गाडी पाहिली असती, तर ही झडप चित्रात आलीच नसती."

ब्रेंडेलने चित्र हातात घेतलं. यावेळी त्याने ते खरंच पाहिलं. नाक कागदाला लागेल इतक्या जवळून. मग तो उठून उभा राहिला आणि सगळ्या दुकानादेखत इल्वाला म्हणाला, "मी चुकलो. तुला विचारायला हवं होतं." आईकडे वळून तेच पुन्हा म्हणाला. आपण गाडी झाकण्यात महिने घालवतो आणि एका दाढीने उघडे पडतो, असं तो आपल्या माणसांना म्हणाला. अशी नजर त्याने कार्यालयातही फार कमी पाहिली होती.

इल्वा त्याच्याकडे बघतही नव्हती. "खोटी झडप?" ती टिलला म्हणाली. "हा लबाडपणा आहे."

अस्लाकला हसू आवरेना.

ब्रेंडेलला तेवढ्यात घाम फुटला. टिलने आत्ताच जे सांगितलं ते अर्ध्या गावाने ऐकलं होतं. रागन्हिल्ड मावशीने कॉफीचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "उद्या थंडी वाढेल असं वाटतं." शेल्फांमधून दोघातिघांनी दुजोरा दिला की हो, वाढेल.

"आणि तू?" ब्रेंडेलने इल्वाला विचारलं. "वसंतापर्यंत चित्रं काढू नकोस अशी विनंती केली तर?"

"इथे ऐकलेलं काही वापरणार नाही. पण छापून आलेल्या फोटोत दिसलं, तर काढणार."

ब्रेंडेलने मान डोलावली आणि सोल्वेईला म्हणाला की काम अर्थातच तिचं आहे. आईने शेडची किल्ली टेबलावर ठेवली. "बर्फ मी काढेन. दार रोज पहाटे पाचला तू उघडायचंस, आणि माझं होईपर्यंत तिथे उभं राहायचंस." ती गेली तेव्हा ब्रेंडेल किल्लीकडे बघत बसला होता.

शनिवारी सकाळी आईने इल्वाला पहिल्यांदा यंत्रात शेजारी बसवलं. समोर तळं पसरलेलं होतं, पांढरं, आणि सूर्य नुकता झाडांवर आला होता. पाती खाली आली आणि बर्फ करकरत सोलला जाऊ लागला. मागे गडद, गुळगुळीत पट्टा उलगडत होता.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मी आठवडाभर घाबरले होते."

"माहीत आहे."

"एकदा वाटलं, तुला लिही म्हणावं."

"पण म्हणाली नाहीस."

"नाही," आई म्हणाली. वळण आलं तसं तिने इल्वाचा हात उचलून स्टिअरिंगच्या चाकावर, आपल्या हाताशेजारी ठेवला. "धर घट्ट. इथे ते ओढतं."