अप्पांच्या नावाची बाटली

"बांगडे आणायला निघालात वाटतं?"

बोरीवलीहून चारकोपला निघालेल्या शेअर रिक्षात शेजारच्या तरुणानं दीप्तीच्या मांडीवरच्या बर्फाच्या डब्याकडे बघत विचारलं. हा प्रश्न तिला नेहमीचाच होता. आज मात्र ती वैतागून खरं बोलून गेली.

"नाही. लघवी."

तो हळूच पाय आखडून घेत म्हणाला, "झाकण घट्ट आहे ना?"

"डबा रिकामा आहे अजून."

"मग पाय सोडू का परत?"

नाही म्हटलं तरी तिला हसू आलंच. उतरल्यावर कळलं, दोघांनाही जायचं होतं एकाच ठिकाणी, कोकणातल्या एका गावाच्या मुंबई मंडळाच्या खोलीवर. हा देवदत्त परब त्या मंडळाचा सेक्रेटरी. एरवी लिफ्ट दुरुस्त करणारा. फोनवर 'मॅडम, मॅडम' करणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांसमोर चष्मा लावलेल्या पन्नाशीच्या बाई होत्या... आणि आता समोर ही!

दीप्तीला खरं तर मेंदूच्या कॅन्सरवर काम करायचं होतं. पीएचडीची जागा मिळाली ती मूत्राशयाच्या कॅन्सरवर. आई स्थळांना "मुलगी कॅन्सरवर संशोधन करते" एवढं सांगून अवयव गिळून टाकायची. दीप्तीही मनातून ओशाळायची, आणि डिग्री मिळण्यापुरतंच काम करायची. मार्गदर्शक बाईंनी काम नेमून दिलं होतं. कपडा रंगवण्याच्या रसायनांत आयुष्य काढलेल्यांना हा आजार जास्त होतो, तर त्यांच्या लघवीतून तो लवकर ओळखता येतो का ते बघायचं.

गिरणीच्या रंगखात्यातले म्हातारे दर रविवारी मंडळात पत्ते कुटायला जमायचे. बाटल्या बघताच सगळे छताकडे बघायला लागले. मुलीच्या हातात असली बाटली द्यायची? त्यापेक्षा धरणी दुभंगलेली बरी! शेवटी देवदत्तनंच तोड काढली. दीप्तीनं गॅलरीत पाठ करून चहा प्यायचा, तो संडासाच्या दाराशी कापडी पिशवी घेऊन उभा राहणार आणि बाटल्यांवर नावंही तोच चिकटवणार.

"एकच राहिली ना?" थोड्या वेळानं तिनं आशेनं विचारलं.

"अप्पांची. माझ्या वडिलांची. आणतो की..."

आणि त्यानं आणलीही.

मग कोण रंगखात्यात किती वर्षं होता, हे विचारायला ती वरचेवर येऊ लागली. परतताना तो रिक्षापर्यंत सोडायला यायचा. रिक्षा आली की म्हणायचा, "ही नको, भरलेली आहे." आत बहुतेक वेळा एकच माणूस असायचा.

"तुला मोजता येत नाही का रे?" एकदा तिनं विचारलं.

"येतं ना. पण तू असलीस की... वाट लागते."

दीप्तीनं मान वळवली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. पुढची रिक्षा अगदी मोकळी होती. तीही तिनं जाऊ दिली.

एका रविवारी परबांकडे जेवायला बोलावणं आलं. अप्पा म्हणजे शिवदास परब, किडकिडीत आणि मिस्कील. सोलकढीची वाटी पुढे करत होते, तेवढ्यात तिनं कौतुकानं सांगितलं, "अप्पा, तुमच्या तपासणीत काही दोष दिसला नाही हां."

"माझ्या?" अप्पा चकित झाले. "मी खय दिलंय गो? माका लाज वाटली, मी मागच्या दारान भायर पडलंय!"

देवदत्तचा घास हातातच राहिला. दीप्तीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं, अप्पांच्या नावाची बाटली यानं स्वतःच भरली होती.

ती अप्पांच्या जवळ सरकली. "अप्पा, लघवी कधी लाल होते का?"

अप्पांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. "कधीतरी होता. दुखना नाय. कोकमाचो रंग आसात..."

न दुखता जाणारं रक्त. हे शब्द तिनं पुस्तकात कितीदा तरी वाचले होते. आज त्यांना चेहरा मिळाला.

जिन्यात तिनं देवदत्तला गाठलं. "का रे? का केलंस असं?"

"एकच कमी पडत होती. तू इतक्या आशेनं बघत होतीस... मला वाटलं, अप्पा तर ठणठणीत आहेत. काय बिघडणार आहे?"

"मला खूष करायला? अरे, मी त्यांना 'दोष नाही' म्हणाले! लाजेपोटी त्यांनी नुसतीच मान डोलावली असती तर?"

ती तशीच जिना उतरून गेली.

दुसऱ्याच दिवशी ती अप्पांना घेऊन हॉस्पिटलात गेली. दुर्बिणीतून पाहिल्यावर छोटी गाठ सापडली. आजार सुरुवातीचा होता. डॉक्टरांनी गाठ दुर्बिणीतूनच काढली. दीप्तीनं मार्गदर्शक बाईंना खरं सांगून टाकलं आणि देवदत्तनं नावं चिकटवलेल्या मंडळातल्या सगळ्याच बाटल्या बाद केल्या. पुन्हा पहिल्यापासून. बोलणी खावी लागली, पण मेंदूवर काम मिळालं असतं तर, हा विचार मात्र तिच्या मनात पुन्हा आला नाही. मंडळात जाऊन ती म्हाताऱ्यांसमोर उभी राहिली आणि लघवी, रक्त, कॅन्सर असं सगळं खणखणीत मराठीत बोलली. या वेळी पत्ते खाली ठेवून एकेक जण स्वतःच्या हातानं बाटली देऊन गेला.

देवदत्तशी मात्र ती बोलत नव्हती. अप्पांच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी तो हॉस्पिटलच्या बाकावर तिच्या शेजारी, मधे एक जागा सोडून बसला.

"डॉक्टर म्हणाले, हा आजार परत येऊ शकतो. कित्येक वर्षं तपासण्या कराव्या लागतील."

"हो."

"प्रत्येक वेळी... तू येशील?"

"तिथे डॉक्टर असतात, देवदत्त."

"मला तू हवीस."

ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "माझ्याशी खोटं नाही बोलायचं. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही."

"मग खरंच सांगतो. मला दोन गोष्टींची भीती वाटते. एक, अप्पांना परत काही निघेल याची. आणि दुसरी... तू नाही म्हणशील याची."

दीप्ती उठली आणि मधल्या रिकाम्या जागेवर येऊन बसली.

"पहिली मलाही वाटते," ती म्हणाली. "दुसरी सोडून दे."