बोहणीचं गिऱ्हाईक

"बोहणीचं गिऱ्हाईक मोकळ्या हातानं माघारी धाडायचं न्हाई, रोहिणी. काय मागंल ते देयाचं. दिवसाचं पहिलं माणूस हाय ते."

आत्याबाई मला हे सांगायच्या तेव्हा आमच्यासमोर बाजार नसायचा, टॅब्लेट असायचा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुमनबाई. भूमच्या आठवडी बाजारात त्यांनी एकतीस वर्षं लसूण आणि वाळली मिरची विकली. गुडघ्यांनी दगा दिला तसा बाजार सुटला. मग त्या दिवसभर खिडकीत बसायच्या आणि रस्त्यानं जाणाऱ्यांच्या पिशव्या बघून, कोण फसून आलं याचा अंदाज बांधायच्या. माझी मुलगी निकिता धाराशिवला कॉलेजात आहे. ती सुट्टीत आली, तिनं दोन दिवस हे पाहिलं आणि आजीला एक खेळ लावून दिला.

खेळाचं नाव इंग्रजी. आत्याबाई त्याला 'तांडा' म्हणायच्या, कारण त्यात खेचरांवर माल लादून तांडे या गावाहून त्या गावाला जातात. जगभरातले हजारो लोक तो एकाच वेळी खेळतात. बहुतेकजण लढायला येतात, पण लढायला जे जे लागतं ते दुसऱ्या कुणी खेळाडूनंच केलेलं असतं. एकजण कापूस वेचतो, दुसरा सूत काढतो, तिसरा जखमेवरच्या पट्ट्या विणतो, चौथा त्या विकत घेऊन मार खायला जातो. खेळ चालवणारी कंपनी कशाचाच भाव ठरवत नाही. मागणी वाढली की भाव चढतो, माल साचला की पडतो.

निकितानं हे सगळं समजावलं.

"म्हंजे दुकानदार न्हाईच त्यात. समदे बाजारकरीच."

"हो आजी."

"मंग लाव."

त्यांना वाचता येत नव्हतं. निकितानं मालाची चित्रं कागदावर चिकटवून त्यांखाली मराठी नावं लिहिली: पट्टी, वात, कंदील, घोंगडी, बसकर. तो कागद अजून भिंतीवर आहे. टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. पहाटे साडेपाचला अंघोळ करून बुद्धवंदना, त्रिशरण, पंचशील हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. तो झाला की सहाला आत्याबाई चहाचा कप घेऊन टॅब्लेटपाशी बसलेल्या असायच्या. माझी पंचायत समितीतली नोकरी दहाची. मधला एक तास आमचा.

"म्या बोलते तसंच लिही," त्या बजावायच्या. "हापिसातलं नको." त्यामुळं त्या अख्ख्या खेळात "न्हाय परवडत, भाऊ" असं लिहिणारं एकच दुकान होतं.

पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. खेळात सगळ्यात जास्त खप विषाचा. बाणाच्या टोकाला लावतात. आत्याबाईंना ते विकायचं होतं. मी नाही म्हटलं. शस्त्रं, जनावरं, मांस, दारू आणि विष, या पाच गोष्टींचा व्यापार उपासकानं करू नये.

"अगं, खोटंच हाय की ते इख."

"विष खोटं असलं तरी विकणार आपणच ना, आत्याबाई."

"तुझ्या शीलापायी दुकान बुडंल बघ माझं." मग चहा संपवला आणि म्हणाल्या, "बरं, पट्ट्या लाव. मारामारी दोघांची असती. पट्ट्या दोघांलाबी लागत्यात."

आणि दुकान चाललं. शनिवारी मोठी लढाई असते हे त्यांनी दुसऱ्याच शनिवारी हेरलं. पोळ्याच्या आधी गोंड्यांना भाव येतो तसा शुक्रवारी पट्ट्यांना येतो, म्हणून सोमवारी स्वस्तात घेऊन ठेवायच्या. कुण्या परदेशी पोरानं एकदा निम्म्या भावात पट्ट्या ओतल्या. मी घाबरून आमचा भाव उतरवायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. त्येचा समदा माल घे." घेतला. दुपारपर्यंत त्याची जागा रिकामी, आणि शुक्रवारी त्याच पट्ट्या आमच्या भावानं आमच्या दुकानात.

घासाघीस करायचीही त्यांची रीत होती. खेळात गिऱ्हाईकाला आपली बोली लावता येते. निम्मा भाव बोलून ते चालू लागलं की मी अस्वस्थ व्हायची. "हाक मारू नको," त्या म्हणायच्या. "खरं गिऱ्हाईक चार पावलं जातंय अन् पाचव्याला वळतंय." आम्ही दोघी पडद्यावरची पावलं मोजायचो. म्या स्वतः बी तशीच घ्येते, असं वर सांगायच्या.

हे सगळं मी आनंदानं केलं. पण खऱ्या बाजारात मी त्यांच्याबरोबर कधी गेले नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. माझा आवाज बारीक आहे, मला ओरडून विकता येणार नाही, असं मी सांगायची. खरं कारण निराळं होतं. कार्यालयातली माणसं बाजारात भेटतात, आणि मला त्यांनी जमिनीवर बसलेलं पाहावं असं वाटत नव्हतं. आत्याबाईंना ते माहीत होतं. बाजारात बसायला त्या पोतं उसवून त्याचं बसकर करायच्या. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुई ओवायच्या आणि निळ्या दोऱ्यानं कडा टाचायच्या. "लई मऊ हुतंय," असं माझ्याकडे न बघता म्हणायच्या.

यंदा त्यांच्या छातीत पाणी झालं. बार्शीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, आज बाजार ना. मी म्हटलं हो. त्या छताकडे बघत होत्या. मला राहवलं नाही.

"बऱ्या व्हा. मग एकदा मी येते तुमच्यासंगं बाजाराला. बसते तुमच्याजवळ."

त्यांनी मान वळवली. "बघ हं. तुझं खोटं चालत न्हाय."

"येते म्हटलं ना."

आजारी माणसाला म्हणतात तसं म्हटलं होतं मी. म्हणताना माहीत होतं. दोन दिवसांनी पहाटे त्या गेल्या. तिथून घरी आल्या त्या गाडीतून, पांढऱ्या कपड्यात.

त्यानंतर रोज वंदनेत चौथं शील आलं की माझा आवाज अडायचा. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. शब्द पुढं जायचे, मी तिथंच.

आत्याबाईंच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. निकिताचा फोन आला. "आई, आजीच्या दुकानाच्या जागेची मुदत संपत आलीय. आहे तो माल विकून टाक, नाहीतर सगळा आपोआप नाहीसा होईल."

दुसऱ्या दिवशी सहाला मी टॅब्लेट उघडला. पडद्यावर आत्याबाईंची बाहुली पाठमोरी उभी होती, निकितानं हौसेनं घातलेली हिरवी शाल पांघरून. दुकान उघडायच्या आधीच समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. नव्या खेळाडूला देतात तसे करडे कपडे. डोक्यावर नाव असतं, ते नव्हतं. ते एका वातीला निम्मा भाव बोललं आणि विहिरीकडे निघालं. चार पावलं गेलं. पाचव्याला वळलं.

मी वात दिली. बोहणीचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंदील घेतला. तिसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या. एकच नग, निम्मा भाव, चार पावलं. हाच माल चार दुकानं सोडून स्वस्त मिळत होता. मी निकिताला फोन केला.

"बॉट असेल, आई."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्यात माणूस नसतं."

"ते मलाही वाटतंय," मी म्हटलं. ती हसली. मी हसले नाही.

चौथ्या दिवशी चपला. पाचव्या दिवशी घोंगडी, ती त्यानं तिथंच डोक्यावरून घेतली. सहाव्या दिवशी काठी. काठी घेतली आणि त्याची चाल बदलली. उजवा पाय आधी, मग काठी, मग थोडं थांबून डावा. चार पावलांना तेवढाच वेळ लागला जेवढा आत्याबाईंना ओसरीवरून न्हाणीपर्यंत लागायचा. खेळात काठीनं चाल बदलत नाही, हे निकितानं दोनदा सांगितलं. मग विक्रीची नोंद तिनं तिकडून उघडून पाहिली. सहाही दिवशीचा माल गेल्याचं दिसत होतं. घेणाऱ्याचं नाव असायचं ती जागा मोकळी होती.

"आई, तू ते दुकान बंद कर," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"माल राहिलाय थोडा."

खरं सांगते, मला भीती वाटत नव्हती. सहा वाजायची मी वाट बघू लागले होते. चहा दोन कप करत होते.

सातव्या दिवशी बाजार होता. पहाटे वंदना म्हणताना चौथ्या शीलाशी अडले ती बराच वेळ पुढं गेले नाही. सुगत, माझे यजमान, शेजारी हात जोडून बसले होते. त्यांनी ती ओळ माझ्यासाठी म्हटली.

सहाला टॅब्लेट उघडला. गिऱ्हाईक उभं होतं. घोंगडी, काठी, चपला, हातात कंदील. त्यानं भाव केला नाही. नुसती मागणी टाकली.

बसकर. दोन.

आजवर त्यानं दोन कशाचेच घेतले नव्हते.

मी दुकानातला माल पाहिला. मग लिहिलं, "एकच आहे."

ते चार पावलं गेलं नाही. उभं राहिलं. सात दिवसांत त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आता खाली अक्षरं उमटली.

"दुसरं घरी हाय."

असं त्या खेळात फक्त एक दुकान लिहायचं, आणि ते माझ्या बोटांनी.

मी एक बसकर दिलं. त्यानं घेतलं, पण उभंच राहिलं. मी टॅब्लेट तसाच ठेवून उठले.

"अहो, आत्याबाईंचं बाजाराचं गाठोडं कुठंय?"

"माळ्यावर," सुगत म्हणाले. "दीड वर्ष झालं. मीच बांधून ठेवलंय."

त्यांनी शिडी लावली आणि गाठोडं खाली घेतलं. त्यावरची धूळ सलग होती. गाठ सुगतचीच होती, ते शाळेत मुलांना शिकवतात तीच. ती सोडायला त्यांना वेळ लागला. आत पाटी, तराजू, आणि पोत्याचं बसकर, बसून बसून मध्ये पातळ झालेलं.

त्याच्याखाली दुसरं होतं.

नवं. पोत्याला अजून ज्वारीचा वास होता. तीन कडा निळ्या दोऱ्यानं टाचलेल्या, चौथी निम्मी.

"मी ठेवलं तेव्हा एकच होतं," सुगत हळू म्हणाले. "माळ्यावर तर ती चढूच शकत नव्हती."

मी शब्द दिला तो बार्शीला, आणि बार्शीहून त्या जिवंत घरी आल्या नाहीत.

चौथ्या कडेत सुई टोचलेली होती, दोरा ओवलेला. मी दोऱ्याचं टोक बोटांत धरलं.

ओलं होतं.

उंबऱ्यात बसून मी उरलेली कड टाचली. माझे टाके मोठे पडले. लसणाच्या दोन जुड्या आढ्याला लटकत होत्या, त्या काढून पाटीत ठेवल्या. डब्यातली मिरची घेतली. कार्यालयात फोन करून, आज येत नाही, बाजारात बसायचं आहे, असं सांगितलं. पलीकडचा लिपिक "बरं मॅडम" म्हणाला.

आत जाऊन टॅब्लेट पाहिला. दुकानासमोर कुणी नव्हतं.

सुगतनी पाटी माझ्या डोक्यावर दिली. दोन्ही बसकरं मी काखेत धरली.

"रिक्षा बोलावू?"

"नको. चालत जाऊ."

रस्ता जेमतेम दहा मिनिटांचा आहे, उन्हं अजून कोवळी होती, आणि मला घाई करता आली असती. पण आत्याबाईंचे गुडघे दुखतात. मी डाव्या हाताला जागा सोडली आणि सावकाश निघाले.