भाईदासकाकांची गाडी

दारातच भिकुबाईंनी माझा हात धरला, खुर्चीवर बसवलं आणि पंखा माझ्याकडे वळवला. मी मोनाली, मूळची जळगावजवळच्या नशिराबादची. धुळ्याजवळच्या या गावात शाळेवर आहे. मे महिन्याच्या उन्हात जनगणनेला घरोघर फिरत होते, पण एवढा मान कुणी दिला नव्हता. घराची माहिती घ्यायला आलेय म्हटलं, तर भिकुबाईंचा चेहरा असा काही फुलला...

खोल्या किती, नळ घरात की बाहेर, फ्रिज आहे का... मी विचारत होते, मोबाइलवर भरत होते.

"बठ्ठं शे माय, काहीच कमी नही."

वाहन? त्यांनी अंगणातल्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. मग कांदेपोहे आले, वर ओलं खोबरं — आणि माझी ट्यूब पेटली. हल्ली मुली स्वतःच मुलाचं घर बघायला येतात नि नेमकं हेच विचारतात. आज इथे अशीच कुणी यायची होती, आणि भिकुबाईंनी मलाच ती समजलं होतं!

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही, पण तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. नवल. खांद्यावर ठिबकच्या नळ्या, केसांत माती. मला बघून दारातच थबकला नि इतका लाजला, की मी गप्पच बसले. चक्क चवीनं पोहे खाल्ले, तिरकं तिरकं बघतही राहिले. बेशरम कुठली!

शेवटी तो प्रश्न आलाच. घरात लग्न झालेली जोडपी किती?

"एकच. आई नि आबा," नवल म्हणाला. मग माझ्या मोबाइलकडे बघून हळूच विचारलं, "तुम्ही... जनगणनेच्या का?"

मी मान हलवली, तशा भिकुबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी बशी खाली ठेवली. एवढा मोठा देश, पाय ठेवायला जागा नाही म्हणतात, आणि या गल्लीत घरटी एक तिशीचा मुलगा बिनलग्नाचा. मुली मुळात कमी जन्मल्या, शिकल्या त्या पुण्या-नाशकाला गेल्या. आणि मी त्या माउलीच्या आशेवर ताव मारत बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलेच.

कोपऱ्यावरच्या लिंबापाशी तो मागून आला.

"मॅडम, ती गाडी नोंदीतून काढून टाका. शेजारच्या भाईदासकाकांची आहे. आईनं आजच्यापुरती मागून उभी केली." त्याचे कान लाल झाले होते, मान वर होत नव्हती. "ती मुलगीही येणार नाही. शेतकरी नको, असा सकाळीच फोन आला. आईला सांगायचा धीर झाला नाही... लाज वाटते हो."

"लाज मला वाटायला हवी. मला पोहे आले तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आलात ना..." मी जीभ चावली. तो पहिल्यांदा मान वर करून हसला, नि मला कुठे बघावं ते कळेना.

गाडी खोडली. मग परत गेले नि भिकुबाईंच्या पाया पडून चुकले म्हटलं. त्यांनी डोळे पुसले.

"बठ. पोहा थंडा व्हई ग्यात, गरम करस."

निघताना नवल दारापर्यंत आला. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या फेरीला, माणसं मोजायला मीच येणार का, म्हणून त्यानं विचारलं.

"नाही."

त्याचा चेहरा उतरला. "का?"

"आपल्या घरची माणसं आपणच मोजलेली बरी दिसत नाहीत," मी पायात चपला सरकवत म्हटलं... वर काही बघितलं नाही.